उत्तरपत्रिकेतून निघालेलं टाइमटेबल : एआयच्या मदतीने आखलेल्या उजळणीचा प्रकरण अभ्यास

विज्ञान शाखेची एक विद्यार्थिनी. परीक्षेला सहा आठवडे उरलेले, विषय चार : गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र. तिने चॅटबॉटला एका ओळीत सांगितलं, "मला सहा आठवड्यांचं रिव्हिजन टाइमटेबल बनवून दे." लगेच देखणा तक्ता हजर झाला. प्रत्येक धड्याला दोन तास, रोज सात तास, दर रविवारी पूर्ण सराव पेपर आणि शेवटच्या आठवड्यात सगळ्या विषयांची जलद उजळणी. तिने त्याची प्रिंट काढून भिंतीवर लावली.

चौथ्या दिवशी टाइमटेबल कोलमडलं. इंटिग्रेशनच्या धड्याने दोनऐवजी पाच तास घेतले आणि त्या दिवशीचं रसायनशास्त्र तसंच राहिलं. राहिलेलं पुढे ढकलायला सांगितल्यावर चॅटबॉटने ते उरलेल्या दिवसांत वाटून टाकलं. सात तासांचे साडेआठ झाले. आठवडा संपताना पुन्हा तेच, साडेआठचे दहा. ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा प्रश्न असा होता : "मॅडम, यापेक्षा चांगलं अ‍ॅप कोणतं आहे?"

हे प्रकरण मी तपशिलात मांडते आहे, कारण एआयकडून आखणी करून घेणारी अनेक मुलं नेमकी इथेच अडकतात आणि टाइमटेबल पाळता आलं नाही म्हणून स्वतःला आळशी ठरवून मोकळी होतात. ही मुलगी आळशी नव्हती. तिच्या हातात चुकीची योजना होती, आणि ती चुकीची का होती हे अ‍ॅप बदलून कळणारं नव्हतं.

चॅटबॉटला तिच्याविषयी दोनच गोष्टी माहीत होत्या, विषय आणि मुदत. तेवढ्यावर तो सर्वसाधारण टाइमटेबलच देऊ शकतो, कारण असं भाषा-मॉडेल त्याने पाहिलेल्या असंख्य मजकुरांच्या वळणाने पुढचा शब्द रचत जातं. तक्त्यावर तिचं नाव होतं, पण तिच्या अभ्यासाचा एक कणही त्यात नव्हता. वैयक्तिक योजना हवी असेल तर वैयक्तिक माहिती आधी आपण गोळा करावी लागते, आणि हे काम एआय आपल्या वतीने करू शकत नाही.

सुरुवात तासांपासून केली. तीन दिवस तिने नेहमीसारखा अभ्यास केला, फक्त कधी बसले, कधी उठले आणि मध्ये काय केलं याची नोंद ठेवली. टाइमटेबलात सात तास लिहिलेले असले तरी मन लावून केलेला अभ्यास सव्वाचार तासांच्या आसपास भरत होता. ती हिरमुसली, पण हा आकडा लाजण्यासारखा मुळीच नाही. काम किती वेळात होईल याचा अंदाज माणसं बहुतेकदा कमी धरतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधलं होतं. पुढे रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पूर्ण होईल हे विचारलं होतं. अंदाज सरासरी ३४ दिवसांचा निघाला, प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. चॅटबॉट ही चूक सुधारत नाही, उलट ती नीटनेटकी मांडून देतो. तुम्ही सात तास म्हणालात तर तो सात तास भरून देणार.

त्यामुळे नव्या योजनेसाठी रोजचे चार तास धरले, त्याहून एक मिनिटही जास्त नाही. आठवड्यातला एक अर्धा दिवस मुद्दाम मोकळा ठेवला. तो कशानेही भरायचा नाही, घसरलेलं काम तिथे येऊन पडेल.

मग उत्तरपत्रिका काढल्या. या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम इथे झालं, म्हणून इथे जरा थांबते.

सराव परीक्षेच्या चारही उत्तरपत्रिका तिच्याकडे होत्या. तिने त्या पाहिल्या होत्या त्या फक्त एकूण गुणांपुरत्या. आम्ही एक साधा नियम ठेवला : गेलेल्या प्रत्येक गुणासमोर तो का गेला हे लिहायचं. कारणं चारच. आठवलं नाही. मुळात समजलंच नव्हतं. समजलं होतं, आठवलंही होतं, पण करताना चूक झाली. वेळ पुरला नाही. 'सिली मिस्टेक' हा शब्द वापरायला मनाई होती, कारण मुलं त्या एका शब्दाखाली तीन वेगवेगळे आजार लपवतात.

या कामाला तिची एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि स्वतःविषयीच्या तिच्या बऱ्याच समजुती त्यात मोडल्या. भौतिकशास्त्र आपला कच्चा विषय आहे असं ती ठामपणे सांगायची. पहिल्या टाइमटेबलात तिने त्याला जास्त वेळही मागून घेतला होता. उत्तरपत्रिका मात्र वेगळंच सांगत होती. संकल्पना तिला कळलेल्या होत्या. गुण गेले होते ते भिंगाच्या सूत्रात चिन्ह चुकल्यामुळे, सेंटिमीटरचे मीटर न केल्यामुळे आणि उत्तरापुढे एकक न लिहिल्यामुळे. अशा मुलीने धडे पुन्हा वाचून काही उपयोग होत नाही. तिला हवी होती उत्तर तपासण्याची सवय.

रसायनशास्त्राचं उलट होतं. तो तिचा आवडता विषय, वही रंगीत हायलायटरने भरलेली, सेंद्रिय रसायनाचे धडे कितीतरी वेळा वाचलेले. आणि तिथेच सगळ्यात जास्त गुण 'आठवलं नाही' या रकान्यात जमा झाले. आल्डॉल संघनन कधी आणि कॅनिझारो अभिक्रिया कधी, हे वही समोर असताना ती झटकन सांगायची. वही मिटली की गोंधळ.

हे तिचं एकटीचं दुखणं नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने एकदा वाचून नंतर तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं : वाचणाऱ्यांना मजकुराचा सुमारे ४० टक्के भाग आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. पाच मिनिटांनंतरची ती आघाडीच माणसाला फसवते. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असं आपण धरून चालतो. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला तेव्हा पुनर्वाचन आणि हायलायटिंग कमी उपयोगाच्या गटात पडले. स्वतःची परीक्षा घेणं आणि सराव काही दिवसांच्या अंतराने विखरून करणं या दोन पद्धती सर्वात वर राहिल्या.

गणितातला दोष शोधायला वेळ लागला. इंटिग्रेशनच्या धड्यामागची उदाहरणं ती बिनचूक सोडवायची, पेपरमध्ये त्याच प्रकारची चुकायची. नीट पाहिल्यावर लक्षात आलं की तिला पद्धती येत होत्या, पद्धत निवडता येत नव्हती. एक्स आणि ई चा एक्स घात यांचा गुणाकार असेल तर बाय पार्ट्स लागतं. घातात एक्सऐवजी एक्सचा वर्ग आला की सब्स्टिट्यूशनने दोन ओळींत सुटतं. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखीच. पुस्तकात मात्र सब्स्टिट्यूशनची सगळी उदाहरणं एका स्वाध्यायात आणि बाय पार्ट्सची दुसऱ्यात, म्हणजे निवड पुस्तकानेच करून ठेवलेली. डग रोरर आणि केली टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात नेमकं हेच तपासलं होतं. एकेका प्रकारची गणितं सलग सोडवणाऱ्यांनी सरावाच्या वेळी ८९ टक्के बरोबर उत्तरं दिली, सरमिसळ सोडवणाऱ्यांनी ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलग सराव करणारे २० टक्क्यांवर आले आणि सरमिसळवाले ६३ टक्क्यांवर राहिले. सरमिसळ सराव करताना जास्त चुकणारं मूल नंतर पुढे जातं हे पालकांना आणि शिक्षकांनाही पटवणं अवघड जातं, पण ते खरं आहे.

जीवशास्त्रात मुख्य अडचण वेळेची होती. पहिल्या दोन दीर्घोत्तरांवर ती इतकं लिहायची की शेवटचं उत्तर अर्धवट राहायचं. आकृत्या उत्तम, नावं द्यायची राहिलेली.

म्हणजे चार विषयांत चार वेगळे दोष होते, आणि पहिल्या टाइमटेबलाने चौघांनाही एकच औषध दिलं होतं : धडा, दोन तास.

आता पुन्हा चॅटबॉटकडे गेलो, तोच जुना चॅटबॉट. या वेळी मागणीला अर्धं पान लागलं. त्यात चुकांचा तक्ता कारणांसह होता, पेपरांच्या तारखा होत्या, खरे तास होते, दिवसातली कुठली वेळ तिला जड जाते हे होतं. (उत्तरपत्रिकांचे फोटो देताना नाव आणि बैठक क्रमांक झाकून घेतले. मुलांनी एवढी काळजी न चुकता घ्यावी.) आणि अटी होत्या. त्यातल्या तीन मी इथे देते, कारण सगळा फरक त्यांनीच पाडला.

पहिली अट : "धड्याचं नाव देऊ नकोस, काम दे." 'सेंद्रिय रसायन, दोन तास' हे काम नाही. 'वही मिटून आल्डिहाइडच्या अभिक्रिया कागदावर लिही, मग पुस्तकाशी ताडून पाहा' हे काम आहे. दुसरी : "माहिती अपुरी असेल तर अंदाज करू नकोस, आधी मला विचार." एवढं सांगितल्यावर त्याने खरंच पाच-सहा प्रश्न विचारले, आणि त्यातला एक नेमका होता : कोणत्या प्रकारच्या प्रश्नाला किती गुण आहेत? तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची : "नवं काही घातलंस तर त्या बदल्यात काय काढलंस ते सांग." ही अट नसेल तर चॅटबॉट कधीच काही काढत नाही. तो होकार देतो, कोंबतो आणि दहा तासांचा दिवस तयार करतो. उजळणीची योजना म्हणजे बऱ्याच अंशी काय सोडायचं याचा निर्णय, आणि तो मागितल्याशिवाय मिळत नाही. या प्रकरणात जीवशास्त्रातला कमी गुणांचा एक घटक आणि गणितातला एक धडा जाणूनबुजून शेवटच्या रांगेत ठेवले. तिला ते फार जड गेलं. पण ते चॅटबॉटने ठरवलं नव्हतं. त्याने पर्याय मांडले, गुणांचा हिशोब समोर ठेवला, आणि निवड तिने केली.

पुनरावृत्तीच्या अंतराबद्दलही त्याला स्पष्ट सांगावं लागलं. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या मोठ्या प्रयोगात असं दिसलं, की परीक्षा आठवड्यावर असेल तर दोन उजळण्यांतलं उत्तम अंतर त्या काळाच्या २० ते ४० टक्के असतं, आणि परीक्षा वर्षावर असेल तर ५ ते १० टक्के. आमच्याकडे पाच आठवडे उरले होते, म्हणून आठवडा-दीड आठवड्याचं अंतर मूळ धरलं, आणि जे वारंवार निसटत होतं ते दोन-तीन दिवसांनी परत आणलं. अभिक्रियांची कार्डं चॅटबॉटकडून लिहून घेतली, पण कोणतं कार्ड कधी दाखवायचं हे अँकी या फ्लॅशकार्डच्या अ‍ॅपवर सोपवलं. अँकी याच कामासाठी बनलेलं आहे. चॅटबॉट तारखांची बेरीज-वजाबाकी कधी बरोबर करतो, कधी चुकतो, आणि दोन्ही वेळा तितक्याच आत्मविश्वासाने सांगतो. त्याने दिलेल्या तक्त्यातही एका आठवड्याच्या तासांची बेरीज चुकली होती. तेव्हापासून तक्ता स्प्रेडशीटमध्ये उतरवला आणि बेरीज तिथेच केली.

संपूर्ण पाच आठवड्यांचा तपशील आम्ही लिहिलाच नाही. आठवड्याची ढोबळ रूपरेषा आणि फक्त पुढच्या दोन दिवसांची कामं, एवढंच. रोज रात्री ती चॅटबॉटला तीन ओळी लिहायची : काय झालं, काय राहिलं, कुठे अडले. त्यावरून पुढचे दोन दिवस नव्याने मांडले जायचे. घसरलेलं काम आपोआप पुढे जात नसे. ते पुन्हा रांगेत उभं राहायचं आणि आज त्याचं महत्त्व किती यावर त्याचा क्रम ठरायचा. या फेरआखणीला दहा मिनिटांची मर्यादा घातली होती. टाइमटेबल सुधारत बसणं हा अभ्यास टाळण्याचा फार सोयीस्कर मार्ग आहे, आणि चॅटबॉटशी बोलताना तो अभ्यासासारखाच वाटतो.

दुसऱ्या आठवड्यात एक गंभीर गोष्ट समोर आली. गणित अडलं की ती फोटो काढून पाठवायची, समोर पूर्ण उत्तर यायचं, ती वाचायची, 'समजलं' म्हणायची आणि पुढे जायची. म्हणजे रसायनशास्त्राच्या हायलायटरचं दुखणं गणितात शिरलं होतं. या धोक्याचा स्पष्ट पुरावा उपलब्ध आहे. तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर हम्सा बस्तानी आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. साधा चॅटबॉट मिळालेल्या मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली, पण तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ती मुलं, ज्यांना एआय मिळालंच नव्हतं त्यांच्याहून १७ टक्क्यांनी मागे पडली. त्याच प्रयोगात थेट उत्तर न देता इशारे देणारा चॅटबॉट ज्यांना मिळाला, त्यांच्याबाबतीत हे नुकसान जवळजवळ दिसलं नाही. साधन एकच, फक्त ते कसं वागेल हे आधी ठरवलेलं होतं.

म्हणून नियम बदलला. आधी कागदावर स्वतःचा प्रयत्न, तोही किमान दहा मिनिटांचा. मग त्या प्रयत्नाचा फोटो आणि सोबत एकच वाक्य : "माझी पहिली चूक कोणत्या ओळीत आहे तेवढंच सांग, उत्तर सांगू नकोस." ती ओळ दुरुस्त करून उरलेलं पुन्हा तिनेच सोडवायचं, आणि दोन दिवसांनी तेच गणित कोऱ्या कागदावर परत. पहिले काही दिवस ती वैतागली, वेग निम्म्यावर आला. मला मात्र तेव्हाच पहिल्यांदा वाटलं की हे आता मार्गी लागलं.

चॅटबॉटने बनवलेल्या प्रश्नांची उत्तरं पुस्तकाशी ताडून पाहायची, ही अट सुरुवातीपासूनच होती. ती कामी आली. एका प्रश्नसंचात बेन्झाल्डिहाइडवर तीव्र अल्कलीची क्रिया केल्यास आल्डॉल संघनन होतं असं उत्तर दिलेलं होतं. आल्डॉल संघननाला लागणारा अल्फा हायड्रोजनच बेन्झाल्डिहाइडमध्ये नाही, त्यामुळे तिथे कॅनिझारो अभिक्रिया होते. ती ते स्वतः पकडून माझ्याकडे घेऊन आली, आणि का चूक आहे हे तिने वहीकडे न पाहता समजावून सांगितलं. त्या दिवशी 'आठवलं नाही'च्या रकान्यातली एक ओळ तिने खोडली.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण सराव पेपर घेतले आणि गुणांची पुन्हा तशीच चार कारणांत विभागणी केली. गणितात पद्धत निवडण्याच्या चुका ठळकपणे कमी झाल्या होत्या. रसायनशास्त्र स्थिरावलं होतं. जीवशास्त्रात प्रत्येक दीर्घोत्तराची वेळ पेपरच्या कडेला आधीच लिहून ठेवण्याच्या सवयीने शेवटचा प्रश्न पूर्ण झाला. भौतिकशास्त्र सर्वात हळू हललं. चिन्हं आणि एककं अजूनही सुटत होती, कारण ही सवय घड्याळ लावूनच घडते आणि तसा सराव उशिरा सुरू झाला होता. उरलेल्या दिवसांतला मोठा वाटा तिकडे वळवला. रांगेच्या शेवटी ठेवलेल्या दोन घटकांपैकी जीवशास्त्राचा घटक वरवर करता आला, गणितातला धडा सोडूनच दिला.

शेवटच्या आठवड्यात चॅटबॉटकडून नवं काहीही घेतलं नाही. प्रत्येक विषयासाठी तिच्या स्वतःच्या चुकांचं एक पान तयार होतं, हाताने लिहिलेलं. पेपरच्या आदल्या दिवशी ते पान आणि काही निवडक प्रश्न, एवढंच.

ज्यांच्याकडे तपासलेल्या उत्तरपत्रिका नाहीत त्यांनी पहिले दोन-तीन दिवस टाइमटेबलाच्या भानगडीत पडू नये. प्रत्येक विषयाची एक जुनी प्रश्नपत्रिका घ्यावी, पुस्तक बंद, घड्याळ चालू, आणि जमेल तेवढी सोडवावी. मग ती स्वतः तपासावी, आदर्श उत्तरांशी ताडून, गेलेल्या प्रत्येक गुणासमोर चारपैकी एक कारण लिहून. गुण कमी आले तरी हरकत नाही, या टप्प्यावर कमी गुण जास्त माहिती देतात. तो तक्ता हातात आला की मग चॅटबॉट उघडावा.